बुशकाकांचा अनुभव

यंत्रांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका लाल स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकाचा धक्का झेलणारे रबरी बुशकाका झिजून पार सैल झाले होते. घाटातल्या वळणावर गाडीची शेपूट कठड्याला घासता घासता वाचली.

“काका, आता तरी उतरा! दरीत घालाल मला,” ती कळवळली.

“चौदा वर्षांचा अनुभव आहे, पोरी. वळणं मला शिकवतेस?”

मालकिणीने अंगणात जॅक लावून हातोडा घातला. काका आतल्या रबरात सैल, पण बाहेरच्या लोखंडी कड्याने गंजून घट्ट चिकटलेले. हलेचनात.

“बघ, माझ्यावाचून चालतच नाही!”

शेवटी त्यांना करवतीने कापून काढलं आणि नवा बुश बसवला. गाडी तेच वळण रुळावरून गेल्यासारखी पार करून घरी आली.

भंगाराच्या डब्यातून आवाज आला, “अगं, शिकवण कुणाची!”