न घसरणारा टायर

"मग यातला कुठला घसरणार नाही, अक्का?"

शार्दूल मगदूमने विचारलं. कुसुमअक्कांच्या ओट्यावर त्याने पाच नवेकोरे टायर मांडले होते, दारात बोहारीण भांडी मांडते तसे.

अक्का शेंगा फोडत होत्या. एके काळी सायकलच्या शर्यतीत त्यांचं मोठं नाव होतं. आता डोंगरातली सायकल शिकायची, तर जिल्ह्यातली पोरं त्यांच्याच दारात येत. अक्का बोलत कमी. त्या शिकवतात केव्हा, हे बरेचदा शिकून झाल्यावर कळे.

त्यांनी सूप शार्दूलपुढे सरकवलं. त्या ओट्यावर रिकाम्या हाताने बसायची रीत नव्हती. तोही शेंगा फोडू लागला.

"याचे दाते उंच आहेत, चिखलात धरतो," तो म्हणाला. "हा कडक वाटेला. हा दगडगोट्यांना. हा रुंद आहे, पण चढाला जड जातो. आणि हा परदेशातून मागवलाय."

"चांगले हायत."

"चांगले नकोत. न घसरणारा पाहिजे."

अक्कांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. टरफल बाजूला टाकून त्यांनी दुसरी घेतली.

रविवारी संघाची निवड होती. निवडीची वाट डोंगर उतरताना म्हसोबाच्या वळणावरून जाते, आणि गेल्या वर्षी शार्दूलने नेमकं तिथेच लोटांगण घातलं होतं. खांद्याजवळचं हाड मोडलं. ते पुढे सांधलं. पण तेव्हापासून ते वळण दिसलं, की त्याचे हात आपोआप ब्रेक आवळत आणि मागून येणारी पोरं बाजूने निघून जात. यंदाही तसंच झालं, तर संघातली जागा गेलीच म्हणायची.

तो घाबरला होता. पण हे त्याने ना घरी सांगितलं, ना मित्रांना. सगळ्यांना एकच सांगितलं होतं, टायरने दगा दिला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. शेवटी जिल्ह्यात पहिला आलेला गडी.

"न घसरणारा हाय माझ्याकडं," अक्का म्हणाल्या. "परसात. बघून ये जा."

शार्दूल लगबगीने उठला.

परसात लिंबोणीच्या बुंध्याभोवती एक जुना टायर होता, मातीत अर्धा रुतलेला. आळ्याला तोच बांध. आत पाणी साचलं होतं आणि एक कोंबडी ते पीत होती. दुसरा टायर कुठेच दिसेना.

तो परत आला, तेव्हा त्याचे कान तापले होते.

"झाडाखालचा म्हणताय?"

"ठेवल्यापासनं एकदा बी घसरला न्हाई."

"चेष्टा करू नका, अक्का. माझं सगळं रविवारवर आहे."

"चेष्टा कुठं केली?"

शार्दूल पुन्हा सुपाशी बसला. सुपातल्या शेंगा संपत आल्या...

"पडलास तवा आधी कुठलं चाक घसरलं?" अक्कांनी विचारलं.

"मागचं."

"मग तू काय केलंस?"

"ब्रेक दाबला."

"कुठला?"

शार्दूलने एक शेंग उचलली. न फोडताच खाली ठेवली.

"पुढचा," तो म्हणाला. वर्षभरात हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. पुढचं चाक जागीच अडलं, म्हणून तो फेकला गेला होता.

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. पदर झटकून उठल्या, ओट्यावरच्या टायरांतला उंच दात्यांचा उचलून त्याच्या हातात दिला.

"ह्यो पुढं."

मग त्यांनी दाराआडून आणखी एक टायर काढला. शार्दूलने तो लगेच ओळखला. पडल्यावर रागाने त्याने हाच याच अंगणात भिरकावून दिला होता. वर्षभरात त्यावर धूळ बसली होती. नक्षी तर आधीच झिजली होती.

"आणि ह्यो मागं."

"अक्का, हाच तर घसरला होता."

"व्हय. त्याला येतं घसरायला."

शार्दूलने मुकाट्याने दोन्ही टायर चढवले, हवा भरली आणि सायकल खांद्यावर टाकून तो अक्कांच्या मागे निघाला.

वळणावर शेंदूर लावलेला म्हसोबा होता. अक्का त्याच्या शेजारच्या दगडावर बसल्या. वाटेवर नुसता मुरूम पसरलेला.

"वर जा. तिथनं ये," त्या म्हणाल्या. "आणि हितं घसर."

"मुद्दाम?"

अक्कांनी मान हलवली.

तो आला. वळणाआधीच त्याचा वेग मेला आणि पाय जमिनीला टेकला.

"परत."

पुन्हा आला. या वेळी कुशीवर पडला आणि कोपर सोलवटलं. अक्का जागच्या हलल्या नाहीत.

"परत."

किती वेळा वर गेला, याचा हिशेब त्यानेही ठेवला नाही. कोपर चुरचुरत होतं. अक्कांचा राग येत होता. त्याहून जास्त स्वतःचा. त्या रागाच्या भरात तो एकदा सुसाट सुटला.

वळणावर मागचं चाक मुरमावरून निसटलं. शार्दूलची बोटं पुढच्या ब्रेकवर गेली...

आणि तिथेच थांबली. त्याने ब्रेक दाबला नाही.

पुढच्या चाकाचे दाते मातीत रुतून राहिले. मागचं चाक म्हशीच्या शेपटीसारखं एका बाजूला गेलं आणि आपलं आपण परत आलं. म्हसोबा मागे पडला. सायकल सरळ उताराला लागली.

धापा टाकत तो वर आला.

"घसरलं, अक्का."

"बघितलं."

"तरी पडलो नाही."

"त्ये बी बघितलं."

तो त्यांच्या पायाशी बसला. सोलवटलेलं कोपर पाण्याने धुतलं. खालच्या शेतात कुणीतरी मोटर चालू केली.

"रविवारी मागं हाच ठेवू?"

"छे. नवा लाव. ह्याची नक्षी गेलीय."

"उरलेल्या चारातला कुठला?"

"कुठला बी."

इतकं झाल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. जरा वाटतही होतं. पण तो वळणाकडे बघत राहिला. मातीत त्याच्याच चाकाचा लांब ओरखडा पडला होता. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते खाली मान घालून तो म्हणाला.

"अक्का, मला अजून भीती वाटते."

अक्का उठल्या. लुगड्याची माती झटकली.

"परसातल्या टायरला न्हाई वाटत."