दहाव्या वर्षाची तपासणी

"परांचीची कड दादाला दिसली नसंल का?"

सिद्रामनं हे ठेकेदाराला विचारलं होतं, पोलिसाला विचारलं होतं, आईलाही. ठेकेदारानं मान फिरवली. पोलिसानं सही घेतली. आई नुसती रडली.

आता तो हिरेमठ डॉक्टरांपुढं उभा होता. थोरल्या भरमाच्या डोळ्यांची दहाव्या वर्षाची तपासणी राहिलीय, असा दवाखान्यातून फोन आला होता. भरमा गिलावा करताना तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडून गेला, त्याला चौदा दिवस झाले होते. फोन ठेवला तसा धाकटा भाऊच एसटीत बसला.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याचं भादरलेलं डोकं पाहिलं आणि स्टूल पुढं सरकवलं.

"बस."

"बसायला नाही आलो. डोळे तुम्ही बरे केलेत, तुम्ही सांगा."

"बरे नाही केले. बिघडायचे थांबवले. बुबुळावरचा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढं येत होता. लेसरनं जमेल तेवढा सारखा केला. मग थेंब घालून, निळ्या उजेडाखाली धरून घट्ट केला."

"थांबलंच नसंल ते."

सिद्राम खिडकीपर्यंत गेला, परत आला.

"मी तुम्हाला फसवलंय डॉक्टर. त्याला वाचता आलं नाही तर तुम्ही उंचावरचं काम बंद कराल, म्हणून भ्यालो. सहावीतनं शाळा सोडलेला मी, पण तुमचा अक्षरांचा तक्ता पाठ केला. खुर्चीमागं उभा राहून त्याला हळूच सांगायचो. नऊ वर्षं."

"ठाऊक आहे."

"खरं बोललो असतो, तर तो परांचीवर चढला नसता."

डॉक्टरांनी फाईल सोडली. बुबुळाचे नऊ रंगीत नकाशे टेबलावर ओळीनं मांडले. फुगवट्याचा तांबडा डाग पहिल्या वर्षी जरा आकसला होता. नंतरच्या आठांत तसूभर हलला नव्हता.

"यंत्राला कुजबुज ऐकू येत नाही," ते म्हणाले.

सिद्राम वाकून बघत राहिला.

"मंग दिसत होतं त्याला?"

"चष्म्यानं. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत."

"ते मी सांगितलेलं."

"तू जुना तक्ता सांगायचास. चौथ्या वर्षी मी तो बदलला. तू 'ग' म्हणायचास, तो 'ट' वाचायचा. भिंतीवर 'ट'च होता."

सिद्राम भिंतीवरच्या तक्त्याकडं वळला.

"तू वर बघतच नव्हतास."

"तुम्ही धराल म्हणून खाली बघायचो. मला वाटायचं, ह्याला आता ऐकूबी येईना. म्हणून आणखी मोठ्यानं सांगायचो."

"बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जायचं."

सिद्राम हसला. ते हसू अर्ध्यातच मोडलं.

"मला गप का नाही केलं?"

"करणार होतो. पण त्यानं..."

डॉक्टरांनी मांडीवरचा हात जरासा हलवून दाखवला. खुर्चीतल्या भरमानं 'असू दे' म्हणून हलवला होता, तसा.



"मग ती कड?"

"ते या कागदांत नाही."

सिद्रामनं नकाशे मुठीत धरले. फाडतोय असं वाटलं. मग एकेक करून टेबलावर सरळ केले, आणि दाराकडं निघाला.

"थांब. हाही घेऊन जा."

फाईलच्या तळाचा एक कोरा केसपेपर होता. वर भरमाच्या जाड्याभरड्या अक्षरात लिहिलं होतं: सिद्राम.

"सख्ख्या भावंडांतही हे दुखणं निघतं, असं मी गेल्या वर्षी म्हणालो. तेव्हाच तो लिहून गेला. पुढच्या वेळी तुला खुर्चीत बसवतो म्हणाला."

सिद्राम उभाच राहिला. मग खुर्चीत बसला. डॉक्टरांनी त्याचा डावा डोळा झाकला. समोरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती.

"चुकलं तर?"

"सहा वर्षं चुकत होतास," डॉक्टर म्हणाले. "तुला घरी ठेवून आला का तो कधी?"