‘मनमिळाऊ’ या शब्दाचं वाक्य

“पण बाबा, मनमिळाऊपणा ही काय विद्या आहे?”

शार्ङ्गधरनं आवाज खालचाच ठेवला होता. तरी शब्द दातांतून आल्यासारखे आले.

चिंधूबाबा ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कोण म्हणालं विद्या आहे म्हणून?”

“मग पाटलांनी तेवढंच का मागितलं?”

गिरणेकाठच्या त्या लहानशा मठात सकाळीच पिंपळदरचे दौलत पाटील आले होते. चातुर्मास तोंडावर आला होता. गावच्या देवळात रोज पोथी सांगायला मठातला एक माणूस हवा, एवढंच त्यांचं मागणं.

शार्ङ्गधर तर ते ऐकल्याबरोबर मनातल्या मनात पिंपळदरला पोचलासुद्धा होता. काशीला राहून आलेला माणूस. संस्कृत तोंडपाठ, व्याकरण म्हणजे हातचा मळ. मठात त्याच्या तोडीचं दुसरं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

पण पाटील हात जोडून पुढं म्हणाले, “बाबा, विद्वान गेल्या साली झाले. आमच्या बायका आरतीत चुकल्या की ते टाळ थांबवायचे. दिवाळी येईतो ऐकायला देवळाचे खांबच उरले. यंदा जरा मनमिळाऊ माणूस द्या.”

आणि ओसरीवरच्या सगळ्यांच्या माना एकदम तोतारामकडे वळल्या.

तोताराम! दोन वर्षांपूर्वी आलेला, अजून जोडाक्षर आलं की अडखळणारा. पण मठात आलेला माणूस आधी बाबांच्या पाया पडायचा आणि लगेच विचारायचा, ‘तोताराम कुठंय?’ स्वयंपाकघरातून त्याचं हसू ऐकू आलं की शार्ङ्गधरच्या हातातलं पोथीचं पान पुढं सरकत नसे. मठातलं कुत्रंसुद्धा तसलंच. शार्ङ्गधर त्याला रोज भाकरी घाली. ते ती खाई, आणि जाऊन बसे तोतारामच्या पायाशी.

“जेवून घ्या पाटील, मग सांगतो,” असं बाबांनी म्हटलं होतं. पाटील नदीवर हातपाय धुवायला गेले होते, आणि शार्ङ्गधरनं बाबांना गाठलं होतं.

“तू व्याकरण शिकलास,” बाबा म्हणाले. “मनमिळाऊ हा शब्द काय आहे?”

“विशेषण.”

“वाक्यात घालून दाखव.”

शार्ङ्गधरला हसू आलं. हे काम शाळकरी पोरांचं.

“तोताराम मनमिळाऊ आहे, पण त्याला पोथी धड वाचता येत नाही.”

“लांब झालं.”

“तोताराम मनमिळाऊ आहे, एवढंच.”

“अजून लांब आहे.”

“तोताराम मनमिळाऊ... दिसतो.”

बाबांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“तोताराम मनमिळाऊ...”

क्रियापद येईना. एवढंसं क्रियापद. जिभेच्या टोकाशी येत होतं आणि मागं फिरत होतं. शार्ङ्गधरचे कान तापले.

“बरं, दुसऱ्या कोणाचं कर.”

“माझे आजोबा मनमिळाऊ होते.” हे झटक्यात आलं.

“होते?”

“वारले.”

“हं... गेलेल्या माणसाचं वाक्य सोपं जातं.”

सुपात दाणे पडत राहिले.

“जा,” बाबा म्हणाले. “तोताराम काय वाक्य करतो ते विचारून ये.”

तोताराम चुलीपुढं बसून पाहुण्यांच्या भरतासाठी वांगी भाजत होता. शार्ङ्गधरला बघून त्यानं पाट पुढं सरकवला.

“या भाऊ! इकडून या, तिकडं धूर आहे.”

शार्ङ्गधर बसला नाही. “एक वाक्य कर. मनमिळाऊ शब्द घालून.”

“मी? बाबांनी सांगितलं?”

“हो.”

तोतारामनं वांगं फिरवलं. डोकं खाजवलं. हा आता कुठं घसरतो याची वाट बघत शार्ङ्गधर दारातच उभा राहिला.

“शार्ङ्गधरभाऊ मनमिळाऊ आहेत,” तोताराम म्हणाला.

“थट्टा करतोस माझी?”

“नाही हो! मी नवा होतो तेव्हा मला ‘ज्ञ’ काढता येत नव्हता. तुम्ही माझा हात धरून पाटीवर गिरवून घेतला. विसरलात? दुसऱ्या कोणी नाही धरला माझा हात.” त्यानं फुंकणी उचलली, पुन्हा खाली ठेवली. “म्हणून तर मघाशी पाटलांना नदीवर गाठून सांगून आलो. म्हटलं, मनमिळाऊ माणूस पाहिजे ना, मग आमच्या भाऊंना न्या. वरून कडक वाटतात, पण तसे नाहीत. पाटील हो म्हणाले.”

शार्ङ्गधरला आठवलं.

हात धरला होता खरा. मागं बाबा उभे होते म्हणून.

तो ओसरीवर परत आला तेव्हा त्याची चाल बदललेली होती. हवं होतं ते मिळालं होतं आणि ते घशाखाली उतरत नव्हतं. ज्याच्या नावानं रोज पोटात आग पडायची, त्यानंच ते ताटात वाढलं होतं. म्हणजे इथंही तोच पुढं गेला...

“काय वाक्य केलं त्यानं?” बाबांनी विचारलं.

“...व्याकरणानं बरोबर होतं.”

“आणि अर्थानं?”

शार्ङ्गधर एकदम म्हणाला, “मला नको पिंपळदर, बाबा. त्यालाच पाठवा.”

“मन मोठं झालं वाटतं?”

“नाही.” खरं ते तोंडून निसटलं. “त्याच्या शब्दावर मिळालेलं मला नको. मी तसा नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पाटलांना खरं काय ते सांगून टाका.”

“म्हणजे, तोताराम खोटं बोलला म्हणून सांगू?”

शार्ङ्गधरनं तोंड उघडलं. तोताराम कुठं खोटा पडतो हे तर तो आल्या दिवसापासून शोधत होता. आता नुसती मान हलवायची होती.

“नको,” तो म्हणाला. “खोटं नाही बोलला तो. त्याला... खरंच तसं वाटतं.”

बाबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

पंगत उठली. भरीत सगळ्यांना आवडलं. पाटलांनी दोनदा मागून घेतलं. उन्हं कलली तशी बाहेर पाटलांची गाडी जुंपली. चिंधूबाबा स्वतः आत गेले, शार्ङ्गधरचं गाठोडं घेऊन आले आणि त्याच्या हातात दिलं.

तोताराम दाराशी उभा होता. हसतच होता. पण हसताना तो शार्ङ्गधरकडं बघत नव्हता, बाहेरच्या गाडीकडं बघत होता.

यालाही जायचं होतं... शार्ङ्गधरच्या मनात आलं. आजवर कधी आलं नव्हतं. तो तोतारामपाशी थांबला. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी मागं कोण उभं आहे, ते त्यानं पाहिलं नाही.

मग तो बाबांच्या पाया पडला.

“काही सांगा, बाबा. तिथं लोकांत कसं बोलू, कसं वागू... मला यातलं काही येत नाही.”

बाबांनी गाडीकडं बोट केलं. गाडीवान बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. सकाळपासून मठातच होता. पंगतीत शार्ङ्गधरच्या शेजारी बसून जेवला होता.

“त्याचं नाव काय?”

शार्ङ्गधरनं गाडीवानाकडं पाहिलं. पुन्हा बाबांकडं पाहिलं.



“वाट लांबची आहे,” चिंधूबाबा म्हणाले. “विचारून घे.”