रानगुलाबाचा गोंडा

एकदा एका शिष्याला, आपण गुरूंच्या पुढे निघून गेलो आहोत, असा साक्षात्कार झाला. झाला तो जेवणाच्या पंगतीत. त्या आश्रमात पानावर वरणभात आला की आधी श्लोक म्हणायची रीत होती. एरवी वृद्ध गुरू म्हणत. त्या दिवशी त्यांचा घसा बसला म्हणून शिष्याने म्हटला. शेजारी बसलेला तुपाचा व्यापारी त्याच्या कानाशी पुटपुटला, "वा महाराज! तुमच्या श्लोकाची सर गुरुजींच्या श्लोकाला नाही."

एवढेच. पण महिनाभरात शिष्याची चाल संथ झाली. बोलताना डोळे अर्धे मिटू लागले. विहिरीचे पाणी ओढण्याचे काम त्याच्याकडे होते. 'पाणी देह ओढतो, मी नव्हे,' असे म्हणून तो बाजूला उभा राहू लागला. आणि त्याच्याबरोबर देहही उभा राहू लागला. अखेर एका सकाळी तो वळकटी बांधून गुरूंपुढे आला.

"शहरात जाईन म्हणतो. स्वतःचा आश्रम काढीन."

"अरे, अभ्यास अर्धा राहिलाय."

"उरलेला आतून येतो आहे, गुरुजी."

"बरं. जाण्याआधी कुंपणावरच्या रानगुलाबाचं सगळ्यात सुंदर फूल तेवढं आणून दे."

शिष्य गेला आणि लिंबाएवढा, लालसर, मऊ केसांचा एक गोंडा खुडून घेऊन आला. "असलं फूल आपण पाहिलंही नसेल," तो कनवाळूपणे म्हणाला.

गुरूंनी विळी ओढली आणि तो गोंडा उभा चिरला.

"अहो, हे काय!" शिष्य ओरडला. मग वाकून पाहू लागला. आत कप्पेच कप्पे होते, आणि प्रत्येक कप्प्यात एकेक पांढरी अळी, पोटभर जेवून सुस्तावलेली.

गुरू म्हणाले, "हे फूल नव्हे, गाठ आहे. मुंगीएवढी एक माशी कोवळ्या अंकुरात अंडी घालून उडून गेली. तिचं काम तेवढंच. रस झाडाने दिला, रंग झाडाने दिला, हे केसही झाडानेच वाढवले. आपल्याला काही आगळं फूल आलं, असं झाडाला वाटत असेल. त्या फांदीवर यंदा खरं फूल मात्र एकही नाही. आता सांग, तुझ्यात अंडं कुणी घातलं?"

तेवढ्यात तुपाचा डबा घेऊन व्यापारी अंगणात आला, आणि शिष्याची नजर आपोआप त्याच्याकडे वळली. गुरूंनी ती टिपली.

"शेटजी," गुरूंनी विचारले, "याच्या श्लोकात तुम्हाला काय आवडलं होतं?"

व्यापारी चाचरला. "खरं सांगू, महाराज? लवकर संपला. तुमच्या श्लोकात भातावरचं तूप थिजतं."

शिष्याने वळकटी खाली ठेवली आणि तो विहिरीकडे निघाला. या खेपेस देह आणि तो, दोघेही पाणी ओढत होते. दुपारच्या पंगतीत गुरूंचा श्लोकही दोनच ओळींत आटोपला.

स्तुती करणारा जेवून निघून जातो. अळी मात्र आपल्यालाच पोसावी लागते.