झाकलेला घडा

फार पूर्वी, समुद्र ज्यांनी कधी पाहिला नाही अशा माणसांच्या मुलखात, क्षितिजापर्यंत पसरलेले एक गवताळ पठार होते. तेथील राजाने आपल्या विद्वान लेखकास बोलावून सांगितले, "या पठाराचा नकाशा काढ आणि इतिहास लिही. जेथे कोणी राहत नसेल, ती जमीन मी सरदारांना शिकारीसाठी वाटून देईन."

लेखक सत्यवचनी होता. डोळ्यांना दिसेल तेवढेच तो लिहीत असे. तीन महिने तो चालला. घर दिसले नाही, देऊळ दिसले नाही, नांगरलेली जमीनही दिसली नाही. त्याने नकाशावर सुवाच्य अक्षरांत लिहिले, 'निर्जन'.

परतीच्या वाटेवर त्याचे पाणी संपले. दुसऱ्या दिवशी पाय उचलेनात. तेवढ्यात त्याला चुलीचे तीन धोंडे दिसले. त्यांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरलेला एक घडा होता. त्याचे तोंड चिखलाने लिंपलेले होते. त्याने लेप फोडला. आत थंडगार पाणी होते. पोटभर पिऊन त्याने हात जोडले.

तोच मेंढरे हाकीत एक म्हातारी आली.

"प्यालास का रे बाबा?"

"प्यालो, आजी. देवाने पाठवले."

म्हातारी खुदकन हसली. "देवानंच रे. पण मडकं भाजलं माझ्या सुनेनं. देवाला कुठली एवढी सवड!"

लेखक ओशाळला. "पण हे ठेवले कोणासाठी?"

"येईल त्याच्यासाठी. घडा भरल्याबिगर आम्ही मुक्काम हलवत नाही. मेंढरं गवतामागं जातात, आम्ही मेंढरांमागं. पुढल्या साली पुन्हा इथंच." मग तिने नकाशाकडे बोट दाखवले. "हे काय लिहिलंस?"

"निर्जन," तो हळूच म्हणाला. "म्हणजे, येथे कोणी नाही."

म्हातारीने अर्ध्यावर आलेल्या घड्याकडे पाहिले, मग त्याच्या ओल्या दाढीकडे. "असं होय," एवढेच ती म्हणाली, आणि घडा पुन्हा भरण्यासाठी आपली पाण्याची पखाल सोडू लागली.

लेखकाने नकाशा फाडला. वर्षभर तो तिच्या माणसांबरोबर फिरला. मुक्कामाच्या प्रत्येक चुलीला नाव होते. एक 'जुळ्या कोकरांची', एक 'आजा निजला ती'. त्याने ती सर्व नावे लिहून घेतली.

ती नावे घेऊन तो दरबारी परतला, तेव्हा राजा संतापला. "एक वर्ष उशीर! आणि या लोकांची घरे कोठे आहेत?"

"महाराज, घरे नाहीत," लेखक म्हणाला. "पण ती जमीन निर्जन असती, तर मी आपल्यासमोर उभा नसतो." आणि त्याने घड्याची हकीकत सांगितली.

राजा बराच वेळ ती नावे वाचीत राहिला. पठार सरदारांना वाटले गेले नाही. पुढे त्या राज्याच्या प्रत्येक नकाशावर वस्तीची खूण म्हणून घराऐवजी लहानसा घडा काढू लागले.

ज्याच्या हातचे पाणी पिऊन आपण जगलो, तो नव्हताच असे म्हणणे, हे सर्वांत मोठे असत्य होय.