देव्हाऱ्यातले नाणे

फार जुनी गोष्ट. तेव्हा नाणे खरे की खोटे हे माणसे कानाने ठरवीत. दगडावर टाकायचे आणि ऐकायचे, खणकले तर घ्यायचे.

त्या काळी एका नगरात एक नाणेपारखी राहत असे. त्याची आई तो जन्मला त्याच दिवशी गेली. बापाने एकट्याने त्याला वाढवले. बाप राजाच्या टाकसाळीत घण मारणारा. आता हात थकले होते, खोकला जडला होता, म्हणून दुकानाच्या ओट्यावर घोंगडी टाकून बसून असायचा.

राजाच्या भावाला एक छंद होता. त्याला चांगली नाणी नकोत, बिघडलेली हवीत. ठसा सरकलेले, अक्षर गळलेले, कोर तुटलेले. अशा तांब्याच्या नाण्याला तो चांदी मोजायचा. पण त्याचा खरा जीव अडकला होता दुचंद्रीत. राजाच्या नाण्यावर एक चंद्र असे. टाकसाळीतून कधीतरी एक नाणे दोन चंद्र घेऊन बाहेर पडले, अशी वदंता होती. ते आणून देईल त्याला गाव इनाम!

झाले. पारख्याचा बाकीचा धंदा गुंडाळल्यातच जमा झाला. जकातनाक्यावरून नाण्यांच्या थैल्या उचलायच्या, चटईवर ओतायच्या, एकेक नाणे उलटून पाहायचे, आणि संध्याकाळी नाक्यावर परत पोचवायच्या. गिऱ्हाईक दारात उभे राहून कंटाळून जाई.

बाप म्हणे, "बाळा, जरा बस माझ्यापाशी. त्या दुचंद्रीबद्दलच बोलायचंय."

"बाबा, टाकसाळीतल्या गोष्टी नकोत आता. सरळ नाणं कसं मारायचं ते तुम्हाला ठाऊक. वाकडं कुठं सापडतं ते मी बघतो."

म्हातारा हसायचा. "एका दमात सांगून टाकण्यासारखं नाही रे ते. तुझ्या आईचं आहे त्यात."

"मग तर निवांत बसू. एवढी थैली होऊ द्या."

थैली होई, तोवर दुसरी येई. धंद्यात म्हणतात, उधारी आणि निवांतपणा, दोन्ही उद्यावर टाकले की बुडतात.

एका दुपारी आत देव्हाऱ्याजवळ पडल्या पडल्या म्हाताऱ्याचा श्वास लागला. त्याने आतूनच हाक मारली, "आज तरी ये."

"आलोच बाबा. तळाच्या चार मुठी राहिल्यात."

"बाळा, ते थैलीत नाही रे."

पारखी चिडला. "आशीर्वाद द्यायचा सोडून असं अभद्र काय बोलता!" आणि पुन्हा मान खाली घालून नाणी उलटू लागला. कुठे आहे मग, एवढे दोन शब्द विचारायचे त्याला सुचले नाही.

तळाच्या मुठी संपल्या. सगळी नाणी चांगली निघाली. तो आत गेला तेव्हा म्हातारा गेला होता. तोंड देव्हाऱ्याकडे वळलेले होते.

दहाव्याला बापाचा जुना सोबती आला. टाकसाळीत बाप घण मारी आणि हा चिमटा धरी. पिंडाला कावळा शिवेना. सोबती म्हणाला, "काहीतरी सांगायचं राहिलंय त्याचं. का रे पारख्या, ते दोन चंद्रांचं नाणं तरी दाखवलं का त्यानं तुला?"

पारख्याने नाही म्हणून मान हलवली.

"वा रे पारखी! सगळं गाव धुंडाळलंस, घर तेवढं राहिलं? अरे, तुझ्या जन्माच्या दिवसाचं नाणं ते. त्यानं घण मारला, तेवढ्यात दारातून आरोळी आली, मुलगा झाला! आनंदात नाणं न उचलताच त्यानं दुसरा घण घातला. चंद्राशेजारी चंद्र उमटला. मुकादम वितळवायला निघाला, तर यानं त्या दिवसाची मजुरी सोडली आणि नाणं मागून घेतलं. पळत घरी गेला, तुझ्या आईच्या मुठीत ठेवलं. दिवेलागणीपर्यंत होती ती माउली."

पारखी तसाच घरी आला. देव्हाऱ्यात लक्ष्मीपुढे एक नाणे होते, त्याने जन्मापासून पाहिलेले. रोजच्या कुंकवाने त्यावर पुटे चढली होती. पारख्यांत रीत असते, देवाचे नाणे वाजवायचे नाही, घासायचे नाही, पारखायचे नाही. डोळे मिटून तो रोज त्याच्या पाया पडत आला होता.

त्याने ते पाण्यात धरले. अंगठ्याखाली कुंकू सुटले. एक चंद्र वर आला, मग त्याला टेकून दुसरा.

सोबती मागोमाग येऊन उंबऱ्यात टेकला होता. पारख्याने विचारले, "काका, हे हातात घेऊन आई काय म्हणाली हो?"

"ते मला कसं ठाऊक असणार, लेकरा? मी तिकडं चिमटा धरून उभा. ते दोघांतलं बोलणं. तेच तर तो तुला सांगणार होता."

राजाच्या भावाचा माणूस पुढे दोनदा गावाची सनद घेऊन आला आणि दोनदा परत गेला. नाणे पुन्हा देव्हाऱ्यात गेले, धुतलेले, उघडे. पारखी रोज ते कानाशी धरायचा. ते खणकायचे चांगले, पण बोलायचे काही नाही.

तात्पर्य : हरवलेली वस्तू आज ना उद्या सापडते, पण ऐकायची राहिलेली गोष्ट सांगणाऱ्याबरोबरच जाते.