आंब्यावरची होडी

परसातल्या आंब्यावर जयवंतीच्या नवऱ्याने जुनी होडी चढवून तिचं घर केलं होतं. तो गेला, पण ती होडी गावाची खूण होऊन बसली. पर्यटक दारात येऊन वाट विचारत. सांगून सांगून जयवंती थकली होती.

एकदा नगराध्यक्ष पाटी घेऊन आले. "होडीला माझ्या वडिलांचं नाव देतोय. कायम लोकांच्या तोंडी राहील."

नवऱ्याची होडी! पण भांडायला त्राण कुठलं? ती पायरीवर बसूनच म्हणाली, "लावा, साहेब. मला दिवसभर एकच विचारतात, संडास कुठे? मी सांगते, होडीच्या मागे. आता सांगेन, तुमच्या वडिलांच्या मागे."

सोबतची माणसं तोंड फिरवून हसली. साहेबांनी पाटी बगलेत मारली आणि ते चालते झाले. जयवंतीने पाय लांब करून डोळे मिटले.